मेथांब्याला मेथांबाच राहू द्या

गुढीपाडवा तोंडावर आला की आपल्याकडच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक मेसेज फिरू लागतो. भावकीच्या ग्रुपवर येतो, भिशीच्या ग्रुपवर येतो आणि वर 'जास्तीत जास्त लोकांना पाठवा' असंही सांगतो. त्याचं म्हणणं थोडक्यात असं : कैरीच्या फोडी, गूळ आणि मेथीदाण्यांचा घरचा मेथांबा म्हणजे औषधच. त्यात साखर नसून गूळ असतो, म्हणून शुगरवाल्यांनी हवा तेवढा खावा. तो नैसर्गिक असल्यानं फ्रिजविना वर्षभर टिकतो. तांब्या-पितळेच्या भांड्यात शिजवला तर गुण वाढतात. वर बुरशी आली तर तेवढी काढून टाकावी, खालचा चांगला असतो. रोज चमचाभर खाल्ला की व्हिटॅमिन सी मिळतं आणि ऊन लागत नाही. गुळाऐवजी मध घातला तर तान्ह्या बाळालाही चाटवता येतो.

पाडव्याच्या पानात पुरणपोळी, येळवणी, कुरडई, भजी सगळं असलं आणि डाव्या बाजूला मेथांबा नसला तर मला ते पान अपुरं वाटतं. गोड पोळीनंतर जिभेला तो आंबट-गोड-कडसर चटका हवाच असतो. पण या मेसेजमधली एकही गोष्ट धड नाही, आणि दोन-तीन तर सरळ धोक्याच्या आहेत. म्हणून एकेक करून घेते.

आधी गुळाचं, कारण त्यावर विश्वास ठेवणारे सगळ्यात जास्त. गूळ आणि साखर दोन्ही उसाचीच. गुळात थोडं लोह असतं, थोडी खनिजं असतात, हे खरं. पण त्याचा मोठा भाग साखरच असतो. १०० ग्रॅम साखरेत साधारण ४०० कॅलरी, तर तेवढ्याच गुळात ३८०च्या आसपास. रक्तात उतरताना शरीर दोन्हींत फारसा भेद करत नाही. आता मेथांब्याचं प्रमाण बघा. वाटीभर फोडींना पाऊण ते एक वाटी गूळ पडतो. म्हणजे तयार मेथांब्यात निम्म्याच्या आसपास साखर. वाढताना डावभर पडला, २० ग्रॅम धरला, तरी चहाचे दोन चमचे साखर पोटात गेली. आणि त्याच पानात पुरणपोळी आहे, तिच्या पुरणातही गूळच आहे.

'पण त्यात मेथी असते ना' असं पुढचं उत्तर तयार असतं. मेथीदाण्यांचा रक्तातल्या साखरेवर काही परिणाम दिसल्याचे अभ्यास आहेत, पण त्यांत माणसांना रोज कित्येक ग्रॅम मेथी दिली होती. आपण किलोभर कैऱ्यांना फोडणीत चमचाभर दाणे टाकतो. एका वाढणीत चार-पाच दाणे येतात. चवीला तेवढे पुरतात, औषधाला नाही. शुगर असलेल्या माणसानं सणाला बोटभर मेथांबा चाखावा, पोळीचा हिशेब धरावा आणि गोळी चुकवू नये. घरातल्या म्हाताऱ्या माणसाला 'गुळाचा आहे, खा' असा आग्रह करून वाढणं हे प्रेम असलं तरी त्याला त्रास देणारं आहे.

आता टिकण्याचं. यावर जरा थांबून बोलायला हवं, कारण 'नैसर्गिक म्हणून टिकतं' हे वाक्य मुळातच उलटं आहे. नैसर्गिक पदार्थ तर लवकर नासतात. कैरी झाडावरून उतरवून टोपलीत ठेवा, चैत्राच्या उन्हात चार दिवसांत तिची काय गत होते ते दिसेल. फळ टिकतं ते त्यातलं पाणी जंतूंच्या हाती लागू दिलं नाही तर. गूळ-साखर ते पाणी धरून ठेवते, मीठही धरतं, आटवल्यानं ते उडून जातं. कैरीचा आंबटपणा यात मोठी मदत करतो. आंबटपणा मोजण्याच्या पीएच मापात (आकडा जितका कमी, तितका आंबटपणा जास्त) ४.६च्या खाली बोटुलिनमसारखे सगळ्यात घातक जंतू वाढत नाहीत, आणि कच्ची कैरी त्याच्या बरीच खाली असते. पण बुरशीला आणि यीस्टला आंबट चालतं. त्यांना थोपवायला गोडी दाट लागते. बाजारातल्या जॅमसाठी आपल्या देशाचा नियम आहे की विरघळलेला घन भाग, म्हणजे मुख्यतः साखर, किमान ६५ टक्के हवा.

मेथांबा या मापात कुठं बसतो? एक किलो फोडी, एक किलो गूळ. फोडींमध्ये ८० टक्क्यांहून जास्त पाणी. दोन किलोंच्या पातेल्यात घन भाग झाला एक किलोच्या थोडा वर, म्हणजे ५० टक्क्यांच्या थोडा वर. तो ६५च्या पुढं न्यायचा तर पातेलं दीड-पावणेदोन किलोपर्यंत आटवावं लागेल. मेथांबा आपण तेवढा आटवत नाही, आणि आटवूही नये. त्याची खरी रीत अशी : तेलात मोहरी तडतडली की मेथीदाणे टाकायचे, ते तांबूस झाले की लगेच हिंग-हळद आणि फोडी. दाणे काळे पडले तर सगळा मेथांबा कडू होतो. झाकण ठेवून फोडी वाफवायच्या. बोटानं दाबली तर दबली पाहिजे, पण कड मोडता कामा नये. मग गूळ, तिखट, मीठ. गूळ विरघळून आधी पाण्यासारखा पातळ होतो. तिथं घाबरून आच वाढवू नये. मंद आचेवर रस फोडींना चिकटू लागला, डावावरून सलग धारेऐवजी जड थेंबांनी पडू लागला, की उतरवायचा. गार झाल्यावर तो आणखी घट्ट होतोच.

असा मेथांबा कोरड्या काचेच्या बरणीत, फ्रिजमध्ये, दोन-तीन आठवडे छान राहतो. बाहेर ठेवला तर मार्च-एप्रिलच्या आपल्या उकाड्यात चार-पाच दिवसांतच वास बदलायला लागतो. वर्षभराचं हवं असेल तर गुळांबा किंवा साखरांबा करा. तो वेगळा पदार्थ आहे, त्यात बहुधा किसलेली कैरी असते, पाक पक्का असतो आणि म्हणूनच तो टिकतो. आपल्या आज्या दोन्ही करत होत्या आणि दोन्हींच्या बरण्या वेगळ्या ठेवत होत्या. एक आणखी : पाडव्याच्या सुमारास वावटळीनं, गारपिटीनं गावरान झाडांच्या कैऱ्या पडतात आणि त्या मेथांब्याला वापरल्या जातात. जरूर वापराव्यात. पण मार लागून मऊ पडलेली, चिरलेली कैरी बाजूला काढा. कुजायला सुरुवात तिथूनच होते.

तांब्या-पितळेचं भांडं. यात तर आपल्या घरातलंच ज्ञान आपण विसरलो. बिनकल्हईच्या पितळेत ताक, चिंच, कैरी ठेवली की ती कळकते, हे खेड्यातली कुठलीही म्हातारी सांगेल. आंबटात तांबं विरघळतं. असं कळकलेलं खाल्लं की मळमळ, उलट्या, पोटात कळा. म्हणून तर कल्हईवाला दारात यायचा, भांडं तापवून नवसागर फिरवायचा आणि आतून कथलाचा पांढरा थर द्यायचा. अमेरिकेच्या अन्न-नियमांतसुद्धा ६पेक्षा कमी पीएचच्या पदार्थाला तांबं-पितळ लागू देऊ नये असं लिहिलं आहे. कैरी त्याच्या खूपच खाली. जर्मनचं, म्हणजे ॲल्युमिनियमचं, पातेलंही आंबटाला नको, लोखंडी कढईत रंग काळवंडतो. स्टीलचं जाड बुडाचं पातेलं घ्या, विषय संपला.

बुरशीचं सांगणं मला सगळ्यात चीड आणतं, कारण ते काटकसरीच्या नावाखाली येतं. जिनसा महाग आहेत, टाकवत नाही, हे मी समजू शकते. पण वर दिसते ती पांढरी-हिरवी लव म्हणजे बुरशीचा फक्त बाहेरचा भाग. मऊ, ओलसर पदार्थात तिचे तंतू खाली, न दिसता पसरलेले असतात, आणि काही बुरश्या विष तयार करतात. ते उकळल्यानं जाईल याची खात्री नाही. बुरशी आंबटपणाही खाते, म्हणजे ज्या गोष्टीनं मेथांबा सुरक्षित होता तीच कमी होते. कडक पदार्थाची गोष्टच निराळी; मेथांबा मात्र सगळा टाकायचा, बरणी उकळत्या पाण्यानं धुवायची. टाकायची वेळ येऊ नये म्हणून थोडाच करावा आणि ओला चमचा घालू नये.

व्हिटॅमिन सीचं थोडक्यात : ते कैरीत असतं, पण उष्णतेनं आणि हवेनं झिजतं. शिजवून, आटवून, बरणीत राहिलेल्या मेथांब्यात मूळच्या मानानं कमीच उरतं. ते हवं असेल तर टक्कू करा. कैरी किसायची, गूळ, तिखट, मीठ कालवायचं, वरून गार केलेली फोडणी. त्याच दिवशी संपवायचा. पाडव्याच्या पानात तोही शोभतो.

उन्हाचं मात्र थोडक्यात सोडता येत नाही. परभणी, नांदेड, बीडच्या एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशी ओलांडतो आणि रानात काम करणाऱ्याला 'मेथांबा खाल्लाय, काही होत नाही' असं वाटणं जिवावर बेतू शकतं. ऊन लागू नये म्हणून पाणी लागतं, मीठ-साखरेचं पाणी किंवा ओआरएस लागतं, दुपारी सावली लागते. चमचाभर मेथांब्यात यातलं काहीच पुरेसं नसतं. कुणाचं अंग भट्टीसारखं तापलं, बोलणं असंबद्ध झालं, तर त्याला सावलीत घ्या, अंगावर पाणी ओता, वारा घाला आणि १०८ला फोन करा. शुद्ध हरपत असेल तर तोंडात काहीही घालू नका, मेथांबाही नाही, पन्हंही नाही.

राहिला मध. वर्षाच्या आतल्या बाळाला मध देऊच नये, चाटणापुरताही नाही, कशात मिसळूनही नाही. मधात बोटुलिनमचे बीजाणू असू शकतात. मोठ्यांच्या पोटात ते सहसा रुजत नाहीत. तान्ह्याच्या आतड्यात रुजतात आणि तिथं विष तयार करतात. 'शिजवलाय ना' हे उत्तर इथं चालत नाही, कारण हे बीजाणू घरच्या उकळीला दाद देत नाहीत. कैरीचा आंबटपणा त्यांना बरणीत वाढू देत नाही, पण मारतही नाही. पहिले सहा महिने बाळाला आईच्या दुधाशिवाय काहीच लागत नाही. कुणी आधीच चाटवलं असेल आणि बाळाला शौचाला होत नसेल, रडणं क्षीण झालं असेल, दूध ओढता येत नसेल, मान-अंग सैल पडत असेल, तर घरगुती उपाय न करता तातडीनं बालरोगतज्ज्ञाकडे न्या आणि मध चाटवल्याचं डॉक्टरांना आपणहून सांगा. तुमच्या ग्रुपवर तो मेसेज आला असेल, तर निदान एवढा परिच्छेद त्याच्याखाली टाका.