'कलॉसल यूथ' अर्धवट नाही हो!

नमस्कार. माझ्या लेखावर एवढी सविस्तर प्रतिक्रिया लिहिलीत, तर मीही दोन ओळींत गुंडाळत नाही.

तुमचं म्हणणं थोडक्यात असं: यंग मार्बल जायंट्स या बँडचा 'कलॉसल यूथ' हा अल्बम म्हणजे अर्धवट सोडलेला डेमो, म्हणजे कच्चं ध्वनिमुद्रण. ड्रमर नाही, गायिका कंटाळल्यासारखी गाते, आणि 'निर्वाणा'च्या कर्ट कोबेनने ज्यांची तारीफ केली त्यांना मी 'दुर्लक्षित' म्हणणं हा निव्वळ आव.

डेमोचं आधी बोलू. पंक रॉकच्या गदारोळात जो तो आवाज चढवत होता, तेव्हा वेल्समधल्या कार्डिफच्या या तिघांनी एकेक आवाज काढून टाकायला घेतला. ड्रमर मिळाला नाही म्हणून ठेका देणारं मशीन आलं, असं नाही. बँडमधल्या स्टुअर्ट आणि फिलिप या मॉक्सहॅम बंधूंच्या एका चुलतभावाने घरी बनवलेल्या मशीनचा ठेका ते कॅसेटवर घेऊन मंचावर लावत. वेल्समधल्याच एका स्टुडिओत पाचेक दिवसांत अल्बम ध्वनिमुद्रित झाला आणि १९८०मध्ये रफ ट्रेड या ब्रिटिश रेकॉर्ड कंपनीने काढला. घाईत उरकलेला वाटतो का? हेडफोन लावून स्टुअर्टची गिटार ऐका. तळहाताची कड तारांवर दाबून धरलेली आहे, त्यामुळे सूर उमटतो न उमटतो तोच मरतो. दोन सुरांमधल्या त्या रिकाम्या जागेत फिलिपचा बास (खर्जातली गिटार) चक्क चाल वाजवतो. एरवी जो बास गाण्याच्या तळाशी गुमान पडून असतो, तोच इथे पुढे येतो. तिथे खराखुरा ड्रमर बसवला असता तर त्याच्या झांजांनी ही सगळी जागा खाऊन टाकली असती.

अ‍ॅलिसन स्टॅटन या गायिकेच्या आवाजाबद्दल मात्र तुमचं-माझं जमणं कठीण. तुम्हाला हरकती हव्यात, आर्तता हवी. ती शेजारच्या खोलीत काम करता करता गुणगुणावं तशी गाते. मला नेमकं तेच भावतं. त्यांचं 'फायनल डे' ऐकलंय का? अल्बममध्ये नाही ते, त्याच वर्षीचं आहे. अणुयुद्धावरचं गाणं, दोन मिनिटंही नाही. एक बारीक सूर सुरुवातीपासून शेवटपर्यंत कानात टोचत राहतो आणि ही बाई जगबुडीची वार्ता जराही आवाज न चढवता सांगते. गळा काढून गायलं असतं तर त्याचं नाटक झालं असतं.

आता 'दुर्लक्षित'. कोबेनने आवडत्या अल्बमांच्या यादीत याचं नाव घातलं, 'होल' या अमेरिकन रॉक बँडने १९९४मध्ये यातलं एक गाणं आपल्या अल्बमात घेतलं, सगळं कबूल. पण तोवर बँड मोडून दहाएक वर्षं उलटली होती, आणि पूर्ण लांबीचा अल्बम त्यांच्या नावावर हा एकच. संगीतकारांनी वाखाणलं, श्रोत्यांच्या कपाटात पोचलं नाही, याला दुसरं काय म्हणायचं? त्याच काळातल्या जॉय डिव्हिजन या बँडचे टी-शर्ट घालून फिरणारी मंडळी पाहतो मी. त्यातल्या कुणालाही यांच्याबद्दल विचारून बघा.

आणि हो, मोबाइलच्या स्पीकरवर ऐकला असेल तर बास तुम्हाला ऐकूच आला नसणार. तो गेला की या अल्बममध्ये खरंच फारसं काही उरत नाही.