‘वय झालंय त्याचं’ हे वाक्य मी मागे घेते आहे

आमचा कुत्रा खंडू २०२५ च्या मार्चमध्ये गेला. जुलै २०१० च्या पावसात इमारतीच्या पार्किंगमध्ये सापडलेले दीड महिन्याचे गावठी पिल्लू पावणेपंधरा वर्षे आमच्या घरात राहिले, आणि त्यातली शेवटची सव्वादोन वर्षे त्याच्या म्हातारपणाची होती. त्या काळाविषयी लिहायला मी इतके महिने थांबले, कारण त्याची सुरुवात माझ्या एका चुकीने झाली आणि ती आधी सांगितल्याशिवाय बाकीचे सांगणे मला योग्य वाटत नव्हते.

२०२२ च्या हिवाळ्यात खंडूने सोफ्यावर चढणे सोडले. मी कामावरून आले की दाराशी धावत येणारा खंडू आता जागेवरूनच शेपूट हलवू लागला, आणि सकाळी फिरायला निघताना दोनदा प्रयत्न करून तिसऱ्यांदा उठू लागला. कोणी विचारले की मी म्हणत असे, ‘बारा वर्षांचा आहे तो, वय झालंय त्याचं.’ हे वाक्य मी मायेनेच बोलत होते, पण ते बोलून झाले की पुढे काही विचारायचे उरत नसे. असा तो अख्खा हिवाळा गेला आणि त्यामागून उन्हाळाही गेला.

त्याचे दुखणे ओळखले ते माझ्या सासूबाईंनी. आई अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या आहेत आणि त्यांचे दोन्ही गुडघे झिजले आहेत. दुपारभर घरात त्या आणि खंडू असे दोघेच असत. एके दिवशी त्या मला म्हणाल्या, ‘अगं, हा आळसावलेला नाही. मी पलंगावरून उठताना सगळा भार हातांवर घेते ना, तसाच हा पुढच्या पायांवर घेतोय. ह्याचं दुखतंय.’ मी म्हटले, ‘पण आई, तो लंगडत तर नाही.’ हीच शंका मी नंतर डॉक्टरांपुढेही मांडली. त्यांनी खंडूचे दोन्ही खुबे हलक्या हाताने ताणून पाहिले, एक्स-रे काढला आणि मला विचारले, ‘दोन्ही बाजू सारख्याच दुखत असतील, तर तो लंगडणार कोणत्या पायाने?’ मागच्या मांड्यांचे मांस उतरले होते. पाय उचलण्याऐवजी तो ओढत असल्यामुळे मागची नखे पुढच्या कडेने घासली गेली होती, आणि एका मनगटावरचे केस सतत चाटून तांबूस झाले होते. यातले प्रत्येक चिन्ह मी कित्येक महिने रोज पाहत होते.

औषध सुरू झाल्यावर चौथ्या की पाचव्या दिवशी मी बेल वाजवली आणि आईंनी दार उघडले, तेव्हा त्यांच्या पायाशी खंडू उभा होता. मला आनंद झाला, पण त्याहून अधिक लाज वाटली. ज्याला मी वय समजत होते, ती वेदना होती, आणि त्या वेदनेवर उपाय होता.

म्हणून माझे आग्रहाचे म्हणणे असे आहे की, घरातला कुत्रा मंदावला तर त्याचे कारण शोधल्याशिवाय त्याला ‘म्हातारा’ हे नाव देऊन मोकळे होऊ नका. मोठ्या अंगाच्या जाती सात-आठ वर्षांतच उतरणीला लागतात आणि लहान चणीच्या जाती बऱ्याच उशिरा, पण एकदा उतार सुरू झाला की वर्षातून एकदाची तपासणी पुरत नाही, ती दर सहा महिन्यांनी करावी लागते. आणि एक विनंती अगदी कळकळीने करते. घरातली माणसांची वेदनाशामक गोळी अर्धी करून कुत्र्याला देऊ नका. आयब्युप्रोफेन आणि डायक्लोफेनॅक यांच्यामुळे कुत्र्याच्या पोटात जखमा होऊन रक्तस्राव होऊ शकतो आणि किडन्या निकामी होऊ शकतात. कुत्र्यांसाठी कार्प्रोफेन, मेलॉक्सिकॅम अशी औषधे आहेत. तीही पशुवैद्याने वजन पाहून, रक्त तपासून द्यायची असतात आणि ती चालू असताना पुन्हा रक्त तपासायचे असते.

औषधाइतकाच फरक फरशीने पडला. आपल्या घरांतल्या गुळगुळीत फरश्यांवर म्हाताऱ्या कुत्र्याचे मागचे पाय फाकत जातात, आणि एकदा घसरून पडला की तो भीतीने चालणेच टाळतो. आम्ही बैठकीच्या खोलीपासून स्वयंपाकघरापर्यंत आणि तिथून बाल्कनीपर्यंत रबरी चटयांची एक वाट तयार केली. तळव्यांच्या गाद्यांमधले वाढलेले केस कापले, पाण्याचे भांडे पाटावर ठेवले, आणि जिना उतरवण्यासाठी आईंच्या जुन्या सुती लुगड्याची घडी त्याच्या पोटाखालून घेऊन दोन्ही टोके हातात धरू लागलो. जिन्याचा प्रश्न मुळात यायला नको होता, कारण इमारतीला लिफ्ट आहे. पण काही सभासदांच्या आग्रहावरून कमिटीने ‘कुत्रे जिन्याने न्यावेत’ अशी सूचना लावली होती, आणि आम्ही चौथ्या मजल्यावर राहतो. भारतीय पशुकल्याण मंडळाच्या २०१५ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार पाळीव कुत्र्यांना लिफ्ट वापरण्यास मनाई करता येत नाही. त्याची प्रत मी कमिटीला दिली आणि सूचना उतरवली गेली. ज्यांच्याकडे अशी सूचना लागलेली असेल, त्यांनी भांडणात शक्ती घालवण्यापूर्वी ही प्रत द्यावी.

खंडू बहिरा झाला हे आम्हाला दिवाळीत कळले. दर वर्षी पहिला सुतळी बॉम्ब वाजला की तो न्हाणीघरात जाऊन बादलीमागे थरथरत बसायचा. २०२३ च्या लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी बाहेर धूमधडाका चाललेला असताना तो गोधडीवर शांत झोपून होता, आणि माझा मुलगा आनंदाने म्हणाला, ‘आई, खंडू आता घाबरत नाही!’ मी त्याच्या कानामागे टाळी वाजवून पाहिली. त्यानंतर आम्ही त्याला मागून हात लावून उठवणे बंद केले. जमिनीवर पाय आपटला की कंप त्याला जाणवायचा, आणि नाकाजवळ तळवा धरला की तो न दचकता डोळे उघडायचा. ऐकू न येणारा कुत्रा झोपेतून दचकून दात लावतो, तेव्हा त्याला ‘चिडका झाला’ म्हणतात. तिथेही दोष वयावरच टाकला जातो.

त्या हिवाळ्यात रात्री अवघड होऊ लागल्या. खंडू दोन-अडीचला उठून घरभर येरझाऱ्या घालायचा, कोपऱ्यात जाऊन भिंतीकडे तोंड करून उभा राहायचा, आणि बाल्कनीत जायचे असेल तर दार जिथून उघडते तिथे न थांबता बिजागरीच्या बाजूला थांबायचा. हे शेवटचे ऐकताच डॉक्टरांनी मान हलवली. माणसांना होतो तसा स्मृतिभ्रंश कुत्र्यांनाही होतो, आणि अल्झायमरमध्ये मेंदूत बीटा-अमायलॉइड या प्रथिनाची जी पुटे साचतात तशीच त्यांच्याही मेंदूत सापडतात. दिवस-रात्रीची अदलाबदल, ओळखीच्या जागेत हरवणे, घरात लघवी होणे ही त्याची लक्षणे आहेत. पहिल्यांदा गादीवर लघवी झाली तेव्हा मी त्याला रागावले होते, आणि त्याने कान पाडून माझ्याकडे पाहिले होते. ते मला विसरता येत नाही. नंतर आम्ही रात्री मंद दिवा ठेवू लागलो, सामानाची हलवाहलव थांबवली आणि त्याला संध्याकाळच्या उन्हात अर्धा तास नेऊ लागलो. तो बरा झाला नाही, पण त्याची रात्रीची भीती कमी झाली.

२०२४ च्या पावसाळ्यात किडनीचे दुखणे निघाले. किडनीने रक्तातून गाळून टाकायचा क्रिएटिनिन हा टाकाऊ पदार्थ तपासणीत वाढलेला दिसतो तोवर किडनीचे बरेचसे काम थांबलेले असते, त्यामुळे यातून मागे फिरता येणार नाही हे डॉक्टरांनी स्पष्ट सांगितले आणि घरी कातडीखाली सलाईन द्यायला शिकवले. बाटली खिडकीच्या गजाला टांगायची, दोन खांद्यांमधली कातडी चिमटीत तंबूसारखी उचलायची आणि त्या पोकळीत सुई घालायची. पाठीवर पाण्याचा उंचवटा येतो, तो हळूहळू एका पायाकडे उतरतो आणि सकाळपर्यंत जिरतो. पहिल्या दिवशी माझे हात इतके कापत होते की सुई आरपार जाऊन सगळे पाणी माझ्या मांडीवर आले. पुढे एक दिवसाआड आम्ही ते सहज करू लागलो. आई त्याचे डोके मांडीवर घेऊन कपाळ चोळत बसायच्या आणि पंधरा मिनिटांत काम व्हायचे.

या सगळ्याला पैसा लागतो, आणि तो प्रत्येकाकडे असतो असे मी मानत नाही. एक्स-रे, रक्ततपासण्या, औषधे यांमुळे आमचेही घरखर्चाचे गणित बिघडले होते. पण चटई, लुगड्याची झोळी, मंद दिवा, कूस बदलणे, नखे कापणे यांना फारसा खर्च येत नाही, आणि म्हाताऱ्या कुत्र्याचा अर्धा दिवस याच गोष्टींवर सुखाचा किंवा दुःखाचा ठरतो. ज्यांना झेपत नाही त्यांनी मदत मागावी, पण त्याला गाडीत घालून दूर सोडून येऊ नये. आयुष्यभर ताटलीत खाल्लेल्या, अर्धवट दिसणाऱ्या कुत्र्याला रस्त्यावर आठवडाही काढता येत नाही. उपासमार व्हावी अशा स्थितीत प्राणी सोडून देणे हा १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याने गुन्हा आहे. त्या कायद्यात पहिल्या गुन्ह्याला दहा ते पन्नास रुपये दंड लिहिला गेला, आणि त्या आकड्यामुळे कोणी कधी थांबले असेल असे मला वाटत नाही.

फेब्रुवारीत खंडूचे खाणे सुटत गेले. डॉक्टरांनी मला डॉ. अ‍ॅलिस व्हिलालोबोस या अमेरिकन पशुवैद्यांची पद्धत सांगितली. वेदना, भूक, पाणी, स्वच्छता, आनंद, हालचाल, आणि वाईट दिवसांपेक्षा चांगले दिवस अधिक आहेत का, अशा सात गोष्टींना प्रत्येकी दहापैकी गुण द्यायचे, आणि बेरीज पस्तिसाच्या वर असेल तर आयुष्य अजून सुसह्य आहे असे धरायचे. मी स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर रोज रात्री तो आकडा लिहू लागले. लिहिताना मी आनंदाला एखादा गुण जास्त देत होते, हे मला तेव्हाही कळत होते. मार्चच्या पहिल्या आठवड्यात आकडा चार दिवस सलग पस्तिसाच्या खाली गेला आणि तरीही मी आणखी पाच दिवस थांबले. ते पाच दिवस त्याचे नव्हते, माझे होते, आणि त्याबद्दल मी स्वतःला माफ केलेले नाही.

याला ‘इच्छामरण’ म्हणू नये असे मला वाटते, कारण त्याची इच्छा आपल्याला कळण्याचा मार्ग नसतो. ‘दयामरण’ हा शब्द अधिक प्रामाणिक आहे. मुलाशी बोलताना मी ‘झोपवणार’ हा शब्द टाळला, कारण त्यालाही रोज रात्री झोपायचे असते. डॉक्टर खंडूला मरण्यासाठी औषध देणार आहेत आणि त्याला दुखणार नाही, असे मी त्याला सांगितले. तो बराच वेळ रडला आणि मग मी तिथे थांबणार आहे ना, असे त्याने विचारले. आधी गुंगीचे इंजेक्शन देतात, ते पूर्ण चढले की मग भूल देण्याच्या औषधाची मोठी मात्रा शिरेतून देतात आणि काही मिनिटांत हृदय थांबते. डोळे उघडेच राहतात आणि नंतर एखादा श्वास घेतल्यासारखे दिसू शकते. हे डॉक्टरांनी आधी सांगितले होते म्हणून मी घाबरले नाही.

आमचे कुलदैवत खंडोबा, आणि खंडोबाबरोबर कुत्रा असतोच. आई हे मान्य करणार नाहीत अशी माझी धास्ती होती. त्या काही बोलल्या नाहीत. त्या सकाळी त्यांनी देवघरातून भंडारा आणला, खंडूच्या कपाळाला लावला आणि डॉक्टर येईपर्यंत त्याच्याजवळ खाली बसून राहिल्या. त्यांना स्वतःला खाली बसता येत नाही, उठवायला मला त्यांचे दोन्ही हात धरावे लागले.

सलाईनच्या न उघडलेल्या चार बाटल्या उरल्या होत्या. डॉक्टरांनी सुचवल्यावरून त्या मी पलीकडच्या इमारतीतल्या एका वयस्कर जोडप्याला नेऊन दिल्या, कारण त्यांच्या तेरा वर्षांच्या कुत्रीलाही किडनीचेच दुखणे आहे. पहिले काही आठवडे सुई मीच घालत होते. परवा काकूंनी पहिल्यांदा स्वतः घातली, आणि काकांनी तिचे डोके धरले होते.