घोट्याचं हाड म्हणजे चार सारख्या बाजूंचा फासा? नव्हे

सध्या फिरत असलेला दावा असा: मंगोलियातले ‘शागाई’ आणि रोमनांचे ‘टाली’ ही मेंढीच्या गुडघ्याची हाडं; चार बाजू, प्रत्येक पडण्याची शक्यता २५ टक्के, म्हणून खेळ निव्वळ नशिबाचा.

गुडघ्याची नव्हेत, मागच्या पायाच्या घोट्याची. एका मेंढीत अशी दोनच, एक डावं, एक उजवं. चारच्या संचाला दोन मेंढ्या लागतात. शेळी, गाय, उंट यांचंही हाड चालतं, घोड्याचं नाही. मंगोल खेळातला ‘घोडा’ ही मेंढीच्याच हाडाची एक बाजू.

खरी चूक त्या २५ टक्क्यांत आहे. हाड हातात घेतलं तरी कळतं: दोन बाजू रुंद (एक फुगीर, एक खोलगट) आणि दोन अरुंद. ढोबळमानाने रुंद बाजू प्रत्येकी दहात चार वेळा पडते, अरुंद दहात एकदा. रोमन खेळात रुंद बाजूंना ३ आणि ४, अरुंद बाजूंना १ आणि ६; २ आणि ५ नाहीतच. चार हाडं टाकून चारही अंक वेगळे आले की ‘व्हीनस’, सर्वोत्तम दान. बाजू सारख्या असत्या तर ते ९.४ टक्के वेळा पडलं असतं. प्रत्यक्षात २४ × ०.४ × ०.४ × ०.१ × ०.१, म्हणजे ३.८ टक्के. चारही एक्के २५६ दानांत एकदा नव्हे, १०,०००त एकदा! रोमन सम्राट ऑगस्टसच्या पत्रातला नियमही याला धरून आहे: १ किंवा ६ पडलेल्या प्रत्येक हाडामागे एक दिनारियस (रोमन चांदीचं नाणं) मध्ये टाकायचा, ज्याला व्हीनस पडला सगळी रास त्याची.

शागाईच्या ‘घोडाशर्यत’ या मंगोल खेळात चार हाडांवर जितके ‘घोडे’ पडतील तितकी घरं पुढे. घोडा अरुंद बाजू, त्यामुळे तीनांतली जवळपास दोन दानं फुकट. शर्यत रेंगाळली म्हणून हाडांना दोष देऊ नये.

आणि निव्वळ नशीब? शागाईचा आणखी एक खेळ असा: विखुरलेल्या हाडांपैकी एक टिचकीने उडवून तीच बाजू वर असलेल्या दुसऱ्यालाच मारायचं, मधल्या तिसऱ्याला धक्का लागला की डाव गेला. इथे नशीब फक्त हाडं पसरेपर्यंत. नेमबाजीच्या सांघिक प्रकारात तर संगमरवरी चकत्या टिचकीने सोडून हाडं पाडतात. युनेस्कोने २०१४ मध्ये अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत घेतला तो हाच प्रकार.

शंका असेल त्याने एकच हाड कडक, सपाट पृष्ठभागावर शंभरदा टाकून नोंद ठेवावी. सतरंजीवर नको, तिथे ते टोकावरही उभं राहतं. कूर्चा आधी पूर्ण काढावी, आणि घासून सपाट केलेलं हाड घेऊ नये. त्याचे आकडे वेगळे येतात.