खरी ताकद सुपरनोव्हात नाही

रविवारी सकाळी इंदूरच्या छप्पन दुकानवर पोहे-जलेबी खाताना माझा चौदा वर्षांचा मुलगा आणि त्याचे दोन मित्र तावातावाने भांडत होते. व्हिडिओ गेममधला सगळ्यात ताकदवान व्हिलन कोण, यावरून. मुलाच्या फोनमध्ये चक्क यादी होती. कोण डोंगर उचलतो, कोण ग्रह फोडतो, कोणाला मरण नाही. पहिल्या नंबरावर सेफिरॉथ, कारण "बाबा, तो अख्खी सूर्यमाला संपवतो!" तेव्हा मी ऐकून घेतलं, पण दोन दिवस विषय डोक्यातून जाईना, म्हणून लिहायला बसलोय. दोन-तीन जुन्या गेममधले महत्त्वाचे प्रसंग उघड होणार आहेत. ज्यांना ते अजून खेळायचे आहेत त्यांनी कृपया इथेच थांबा.

आधी सेफिरॉथच घेऊ. गेम १९९७ चा, फायनल फँटसी सेव्हन. शेवटच्या लढाईत तो सुपरनोव्हा नावाचा हल्ला सोडतो. प्लूटो फुटतो, शनी आणि गुरूची वाट लागते, सूर्य फुगत फुगत बुध-शुक्राला गिळतो. बघताना छाती दडपते, कबूल. पण हिशेब बघा. या हल्ल्यात तुमच्या खेळाडूची त्या क्षणी जितकी हेल्थ असेल तिचे सोळापैकी पंधरा भाग जातात. ९९९९ असेल तर साधारण ६२५ उरते. म्हणजे सूर्य विझला तरी निव्वळ त्या हल्ल्याने एकही माणूस मरत नाही! एक औषध पाजलं की पुढची चाल तुमचीच.

त्याने खरं नुकसान केलं ते पहिल्या डिस्कच्या शेवटी. तुमच्या टोळीतली एरिथ वेदीवर प्रार्थना करत बसलेली असते. क्लाउड, म्हणजे तुम्ही चालवता तो नायक, तिच्यासमोर जातो आणि गेम तुम्हाला बटणं दाबू देतो. तुम्ही बटण दाबता, तर क्लाउड तिच्यावरच तलवार उगारतो! पुन्हा दाबा, तलवार आणखी वर. सोबतचे ओरडतात तेव्हा तो भानावर येतो, आणि मग वरून सेफिरॉथ उतरतो. तिच्यासाठी जमवलेली हत्यारं, शिकवलेल्या विद्या, घातलेले तास, सगळं एका क्षणात जातं आणि कुठलंही औषध तिला परत आणत नाही. त्याआधीची ती दोन-तीन बटणं मात्र तुमच्याच अंगठ्याने दाबलेली असतात.

माझं म्हणणं एवढंच आहे. व्हिलनची ताकद तो पडद्यावर काय फोडतो यावर मोजू नका. तो तुमच्या हातातून काय काढून घेतो ते बघा.

आणि या मोजमापाने माझ्यासाठी पहिला नंबर सायको मँटिसचाच. १९९८ चा मेटल गिअर सॉलिड, कोनामीचा, हिदेओ कोजिमांनी बनवलेला. मँटिस म्हणजे गॅस मास्क घातलेला एक हडकुळा माणूस. दुसऱ्याच्या मनातलं वाचतो आणि हात न लावता वस्तू हलवतो. यादीत लिहिलं तर दोन ओळींत आटपतं.

२००१ च्या मे महिन्यात माझा मावसभाऊ मुंबईहून आमच्या रामबागेतल्या घरी आला होता. मी त्याला दादा म्हणतो. त्याच्या बॅगेत प्लेस्टेशन होतं. आमच्या टीव्हीला लागणारी पिवळ्या-पांढऱ्या पिनांची तार जेल रोडवरून आणली आणि दुपारी दारं लोटून बसलो. मँटिस समोर आला. सुरुवातीला त्याने, तुम्ही गेम किती वेळा सेव्ह केलाय त्यावरून तुमचा स्वभाव सांगितला. मग म्हणाला, तुला कॅसलवेनिया आवडतो. दादाचा चेहरा मला अजून आठवतो. त्याच्या मेमरी कार्डावर खरंच कॅसलवेनिया, कोनामीचाच दुसरा गेम, सेव्ह केलेला होता. कार्डावरचे कोनामीच्या गेमचे सेव्ह मँटिस वाचतो, हे आम्हाला कुठून माहीत असणार!

नंतर तो म्हणाला, कंट्रोलर जमिनीवर ठेव. दादाने तो आमच्या शहाबादी फरशीवर ठेवला आणि तो घर्र करत स्वतःहून सरकायला लागला. ती व्हायब्रेशनची मोटर होती, हे आज सहज सांगता येतं. त्या दिवशी आजी माळ हातात घेऊन पलंगावर बसली होती, तिने पाय वर घेतले.

आणि लढाईत मध्येच पडदा काळा झाला. त्या वर्षांत आमच्याकडे लाईट कधी जाईल याचा नेम नव्हता. आजी लगेच म्हणाली, "गेली का रे लाईट?" आम्ही वर पाहिलं. पंखा तर फिरत होता. पडद्याच्या कोपऱ्यात हिरव्या अक्षरांत एक शब्द होता. टीव्हीवर 'व्हिडिओ' असं येतं ना, तसाच, पण तो होता 'हिदेओ'. दादा तार तपासायला उठला आणि तेवढ्यात चित्र परत आलं. बघा, घरातली वीज, टीव्ही, तार, कार्ड, कंट्रोलर, सगळ्यावरचा आमचा विश्वास त्या माणसाने पंधरा मिनिटांत उडवला. एक ग्रहसुद्धा न फोडता!

त्याला मारताही येईना. गोळी झाडायच्या आत तो बाजूला व्हायचा, कारण आमचं मन वाचत होता. चार-पाच वेळा मेल्यावर कोडेकवर, म्हणजे गेममधल्या रेडिओवर, नायकाच्या कर्नलने मार्ग सांगितला की कंट्रोलर यंत्राच्या दुसऱ्या पोर्टात लाव. दादाने डावीकडची पिन काढून उजवीकडे खोचली, आणि मँटिसला आमचं मन वाचता येईना. व्हिलनला हरवायला खुर्चीवरून उठून यंत्राला हात लावावा लागतो, असं मी त्याआधी कधी पाहिलं नव्हतं.

या जातीचे थोडे आणखी आहेत. २०१५ च्या अंडरटेलमध्ये राजा अ‍ॅझगोर लढाई सुरू होताच त्रिशूळ मारून तुमचं 'मर्सी'चं, म्हणजे दया दाखवायचं, बटणच फोडतो. त्याच गेममधल्या फ्लाउई या बोलक्या फुलाला, तुम्ही एखाद्याला मारून पस्तावलात आणि जुना सेव्ह लोड केलात, तरी तुम्ही काय केलंत ते आठवतं, आणि तो ते तोंडावर बोलूनही दाखवतो. हेही हातातलं काढून घेणारेच, आणि म्हणून लक्षात राहतात.

मँटिसचं मला वाईट वाटतं ते वेगळ्या कारणाने. मेटल गिअर सॉलिडच्या २००८ च्या चौथ्या भागात तो थोड्या वेळासाठी परत येतो आणि मोठ्या थाटात तुमचं मन वाचायला जातो. पण प्लेस्टेशन थ्रीला मेमरी कार्डच नसतं. वाचायला काही सापडत नाही. शक्ती त्याची गेली नव्हती, तिला लागणारी वस्तू जगातून गेली होती. तो प्रसंग बघताना माझ्या घशात दाटून आलं होतं.

काल रात्री हे सगळं मुलाला सांगितलं. पोर्टाची युक्ती त्याला व्हिडिओ बघून आधीच माहीत होती, याची मला हळहळ वाटली. सेफिरॉथचा पहिला नंबर काही तो सोडायला तयार नाही. फायनल फँटसी सेव्हन त्याने फोनवर खेळलेला आहे, त्यामुळे वाद घालण्याचा त्याला हक्क आहे. मात्र आज सकाळी त्याच्या यादीत डोकावलो तर सेफिरॉथपुढचं 'सूर्यमाला' खोडून त्याने तिथे 'एरिथ' लिहिलं होतं.