डेअरडेव्हिलमध्ये वकिली करतो तो फॉगी नेल्सन

आमच्या धुळ्याच्या कोर्टातल्या वकिलांच्या बार रूममध्ये डेअरडेव्हिल या अमेरिकन मालिकेचा विषय निघाला की ज्युनिअर पोरं मॅट मर्डॉकवरच बोलतात, म्हणजे दिवसा वकिली आणि रात्री मुखवटा घालून गुंडांशी लढणाऱ्या आंधळ्या नायकावर. पहिल्या सीझनमधली कॉरिडॉरची मारामारी, तो मुखवटा, ते अंधत्व. मॅटचा मित्र आणि वकिलीतला भागीदार फॉगी नेल्सनचं नाव घेतलं की, ‘तो का भो, नुसता रडतो!’ म्हणून विषय मिटवतात. मला हे अजिबात मान्य नाही. २०१५ ते २०१८ या काळात आलेल्या तीन सीझनमध्ये मनापासून वकिली कोणी केली असेल तर ती फॉगीने. (पुढे कथेतलं बरंच उघड करतोय. मालिका पाहायची असेल त्यांनी इथेच थांबावं.)

आधी ते ‘रडणं’ बघू. पहिल्या सीझनमध्ये फॉगीला कळतं की कॉलेजपासूनचा जिवलग मित्र रात्री तोंड झाकून लोकांची हाडं मोडतो आणि ही गोष्ट त्याने कायम लपवून ठेवली. तो चिडतो, तुटतो, ऑफिस सोडून जातो. प्रेक्षकांना वाटतं, एवढं काय झालं? अहो, पाटीवर दोघांची नावं आहेत! मॅट पकडला गेला तर ज्या ज्या केसमध्ये त्या ऑफिसचं वकीलपत्र आहे त्या प्रत्येक पक्षकाराचं नुकसान होणार, आणि फॉगीच्या सनदेवरही गदा येणार. भागीदाराने एवढी मोठी गोष्ट दडवली तर आपल्याकडचा कोणता वकील हसत हसत ‘जाऊ दे’ म्हणेल?

दुसऱ्या सीझनमधला, गुन्हेगारांना स्वतःच ठार मारत सुटलेल्या फ्रँक कॅसलचा खटला घ्या. अख्ख्या शहराचं लक्ष लागलेलं, खुनाचे आरोप, ज्युरी बसलेली. सुरुवातीचं निवेदन मॅट करणार असं ठरलेलं, आणि मॅटचा पत्ता नाही. फॉगी उठतो आणि ऐनवेळी उभा राहून बोलतो. पुकारा झालाय, सिनिअर आलेले नाहीत आणि न्यायाधीश आपल्याकडे बघतायत, हा प्रसंग ज्याच्यावर आलाय त्याला विचारा त्या मिनिटाची किंमत. त्याच सीझनमध्ये हॉस्पिटलमध्ये हातघाईवर आलेल्या टोळीवाल्यांच्या मधे तो शिरतो. हातात काही नाही. पुढे काय काय होईल हे तो त्यांना नीट सांगतो आणि ते थांबतात. मला तो प्रसंग सगळ्या मारामाऱ्यांपेक्षा मोठा वाटतो, कारण फॉगीला मार चुकवता येत नाही. एक घाव बसला असता की संपलं असतं.

पण माझा खरा जीव अडकलाय तो तिसऱ्या सीझनमध्ये. मॅट या निष्कर्षाला आलेला असतो की शहरातला गुन्हेगारी बडा विल्सन फिस्क याला मारूनच टाकायला हवं. फॉगी म्हणतो, कोर्टातून. फिस्क त्याच्या भावाला, घरच्या मटणाच्या दुकानाच्या कर्जप्रकरणात अडकवतो, तरी तो मागे हटत नाही. एफबीआयचा एजंट रे नदीम साक्ष द्यायला तयार होतो, तर ग्रँड ज्युरीलाच, म्हणजे खटला चालवायचा की नाही हे ठरवणाऱ्या नागरिकांनाच, धमकावलं जातं. नदीमचा खून होतो. सगळं संपलं असं वाटत असताना नदीमने मरण्याआधी मोबाइलवर स्वतःच नोंदवलेला जबाब त्याच्या बायकोकडून फॉगी आणि त्यांच्या जुन्या ऑफिसातल्या कॅरेनच्या हाती येतो. फॉगी लगेच ओळखतो, हा मृत्युपूर्व जबाब आहे. ऐकीव पुरावा चालत नाही या नियमाला असलेला अपवाद. तिथल्या कायद्यात बोलणाऱ्याला आपण आता मरणार याची जाणीव असावी लागते, आणि नदीमला ती पुरेपूर होती. आपल्याकडे तेवढीही अट नाही. १८७२ च्या पुरावा कायद्याचं कलम ३२, आता भारतीय साक्ष्य अधिनियमाचं कलम २६, यात मरणाची अपेक्षा होती की नव्हती याने फरक पडत नाही. जळीत प्रकरणात हॉस्पिटलच्या खाटेशी बसून घेतलेला तो दोन पानी कागद, खाली अंगठा, बाजूला डॉक्टरचा शेरा, हा मी हातात धरलेला आहे. म्हणून त्या दृश्यात मला फिस्क पडतोय याचा आनंद नंतर झाला. आधी वाटलं, हा माणूस पुरावा वाचतोय!

आणि हे सगळं तो स्वतःच्या नावाने, उघड्या तोंडाने करतो. मॅटला मुखवटा आहे. फॉगीचा भाऊ कुठे बसतो, दुकान कोणत्या रस्त्यावर आहे, हे सगळ्या गावाला माहीत आहे. शिरपूर, साक्री, पारोळ्यासारख्या तालुक्याच्या कोर्टात दांडग्या माणसाविरुद्ध वकीलपत्र घेणाऱ्याला हे वेगळं सांगावं लागत नाही. संध्याकाळी त्याला त्याच बाजारपेठेतून भाजी घेऊन घरी जायचं असतं.

१९६४ च्या पहिल्या कॉमिकपासून सोबत असलेल्या या माणसाला २०२५ च्या नव्या मालिकेत पहिल्याच भागात, जोसीच्या बारबाहेर, गोळी घालून संपवलं. मॅटच्या दुःखाला कारण हवं होतं म्हणून. याचा मला आजही राग आहे. कारण पुढे हेक्टर अयालाच्या खटल्यात मॅट भर कोर्टात स्वतःच्याच पक्षकाराचं गुपित फोडतो, तो व्हाइट टायगर नावाचा मुखवटाधारी आहे हे जाहीर करतो. हेक्टर सुटतो आणि लगेच मारला जातो. त्या टेबलावर शेजारच्या खुर्चीत फॉगी असता तर त्याने मॅटचा कोट धरून त्याला खाली बसवलं असतं, आणि न्यायाधीशांकडे दहा मिनिटं मागून घेतली असती.