ऐन हंगामातलं अपडेट

देवगडात आंब्याच्या पेट्यांची बिलं काढायची घाई आणि कॉम्प्युटर म्हणतो, ‘अपडेट होतंय, बंद करू नका.’ मी कशाला बंद करू? लाईट आहे ना त्यासाठी! ती अर्ध्यात गेली. आल्यावर स्क्रीन निळी, आणि वर 48 आकडी रिकव्हरी की, म्हणजे डिस्कचं कुलूप उघडायची किल्ली, द्या म्हणे. सहा-सहाचे आठ गट! ती की ऑनलाइन खात्यात. म्हणजे रेंजसाठी मोबाईल घेऊन भर उन्हात सडा, म्हणजे वरचं कातळाचं पठार, गाठा. (दरवर्षी हेच.) शेवटचं अपडेट काढून टाकायची सोय रिकव्हरीच्या मेनूत असते, पण दुकानातला पोरगा मशीन न बघताच विचारतो, ‘फॉरमॅट मारूया?’ अरे मेल्या, सगळ्या बागेचा हिशोब आहे त्यात!