विकत घेतलं म्हणजे आयतं मिळालं?

आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर एक मेसेज गेल्या पंधरा दिवसांत तिसऱ्यांदा आला. मजकूर थोडक्यात असा: न्यूझीलंडमध्ये सुरू झालेली रॉकेट लॅब ही अमेरिकी कंपनी म्हणजे नुसता पैशांचा खेळ. स्वतः काही बनवलं नाही. शेअर बाजारातून पैसा उचलला, त्यावर पाच-सहा तयार कंपन्या घेतल्या. बुडालेल्या व्हर्जिन ऑर्बिटची रॉकेटं कवडीमोलाने ढापली. आपल्या इस्रोने मात्र बाहेरून कधीच काही घेतलं नाही. आणि शेवटची ओळ: अशी गिळत सुटणारी कंपनीच उद्या मोठी होते, शेअर आत्ताच घेऊन ठेवा.

वर शिव्या आणि खाली शिफारस, हे लिहिणाऱ्याच्या लक्षात आलेलं दिसत नाही.

रबाळे एमआयडीसीत माझा गाळा आहे. एक व्हीएमसी (कॉम्प्युटरवर चालणारं मिलिंग मशीन), दोन लेथ, सहा माणसं. रोज ठाण्याहून ट्रान्स-हार्बरने जातो-येतो. रॉकेटशी माझा संबंध बातम्या वाचण्यापुरता. पण दुसऱ्याचा धंदा विकत घेताना माझे हात एकदा चांगले पोळलेत. म्हणून हा प्रपंच.

'स्वतः काही बनवलं नाही' याचं उत्तर तारखांतच आहे. पीटर बेकने कंपनी काढली २००६ मध्ये. इलेक्ट्रॉन हे रॉकेट २०१७ च्या मे महिन्यात पहिल्यांदा उडालं, कक्षेत मात्र पोचलं नाही. पोचलं ते जानेवारी २०१८ मध्ये. त्याचं इंजिनही त्यांचंच, आणि त्यातला इंधनाचा पंप टर्बाइनवर न चालता बॅटरीच्या मोटरवर चालतो. पहिली कंपनी विकत घेतल्याची बातमी आली मार्च २०२० मध्ये. तोवर इलेक्ट्रॉनची अकरा उड्डाणं झाली होती. आधी रॉकेट, मग खरेदी.

शेअर बाजाराचा मुद्दा अर्धा खरा आहे, तेवढा मान्य. ऑगस्ट २०२१ मध्ये कंपनी नॅसडॅक या अमेरिकी शेअर बाजारात आली आणि जानेवारी २०२२ संपायच्या आत तीन कंपन्या घेऊन मोकळी झाली: कोलोरॅडोची अॅडव्हान्स्ड सोल्युशन्स, मेरीलँडची प्लॅनेटरी सिस्टिम्स आणि अल्बुकर्कीची सोलएरो. एकट्या सोलएरोला ८ कोटी डॉलर मोजले. पैसा बाजारातूनच आला. पण तो कशावर घातला हे मेसेजमध्ये नाही, आणि खरी गंमत तिथेच आहे.

२०२० ची पहिली खरेदी बघा. टोरोंटोची सिंक्लेअर इंटरप्लॅनेटरी, अगदी छोटी कंपनी. ती उपग्रहाला वळवणारी चाकं बनवायची. अवकाशात पाय रोवायला जमीन नसते, त्यामुळे आतलं चाक एका दिशेला फिरवायचं, म्हणजे उपग्रह उलट दिशेला वळतो. अशी वर्षाला दीडशेच्या आसपास चाकं तिथे व्हायची. रॉकेट लॅबने पुढे वर्षाला २,००० चाकांची क्षमता असलेली लाइन उभी केली. प्लॅनेटरी सिस्टिम्स बनवते ती रॉकेटपासून उपग्रह अलगद सोडणारी कडी. अॅडव्हान्स्ड सोल्युशन्सकडे उड्डाणाचं सॉफ्टवेअर. सोलएरोकडे अवकाशातले सोलर सेल. सूर्याजवळ जाणाऱ्या पार्कर यानावर आणि मंगळावर उडालेल्या इंजेन्युइटी हेलिकॉप्टरवर तेच आहेत.

या यादीत दिमाखदार असं काही नाही. चाक, कडी, सेल. पण उपग्रह अडकतो तो यांच्यापायीच. आम्हाला हे कुणी शिकवायला नको. जॉब मशीनवरून वेळेत उतरतो आणि मग हीट ट्रीटमेंटवाल्याकडे आठ दिवस पडून राहतो. पार्टी फोन करते ती आपल्याला, त्याला नाही. रॉकेट लॅबने विकत घेतली ती ही, काम जिथे अडून बसतं ती रांग.

आणि रांग विकत घेतली म्हणून काम आपोआप पुढे सरकत नाही. २०११ मध्ये शेजारच्या गाळ्यातलं सिलिंड्रिकल ग्राइंडिंगचं, म्हणजे गोल जॉब घासून अचूक मापाला आणायचं काम मी घेतलं. मालकांचं वय झालेलं, मुलगा ऐरोलीत आयटीत. मशीन, घासायची चाकं, त्यांना धार लावायचा ड्रेसर, चालू ऑर्डरी, सगळं एकरकमी. मशीनवर एक मामा होते, वीस वर्षं तेच चालवत होते. मी हुशारी केली. त्यांना आमच्या माणसांसारखी हजेरी, आमचाच पगार, आमचंच जॉबकार्ड. तिसऱ्या महिन्यात मामा काम सोडून गेले. चाक जॉबला टेकल्याचा आवाज ऐकून ते किती मायक्रॉन राहिले ते सांगायचे. ती विद्या कुठल्याच कागदावर नव्हती, त्यामुळे विक्रीच्या करारातही नव्हती. बेअरिंगच्या सीटवर रिजेक्शन सुरू झालं आणि वर्षभरात त्या गाळ्याची निम्मी गिऱ्हाइकं तुटली. मशीन अजून आहे. चालतं. मामा चालवायचे तसं नाही.

त्यामुळे कुणी 'नुसतं विकत घेतलं' म्हणालं की मी आधी विचारतो, माणसं राहिली का? रॉकेट लॅबने चाकांची मोठी लाइन ऑकलंडला टाकली, पण टोरोंटोचं केंद्र चालू ठेवलं, आणि सोलएरोचं काम अल्बुकर्कीतच. बाहेरच्या गिऱ्हाइकांना माल विकणंही बंद केलं नाही. खरेदी पचली असेल तर ती यामुळे.

आता व्हर्जिन ऑर्बिट. विमानाखालून रॉकेट सोडणारी ही कंपनी एप्रिल २०२३ मध्ये दिवाळखोरीत गेली आणि मे महिन्यात तिच्या मालमत्तेचा लिलाव झाला. रॉकेट लॅबने १ कोटी ६१ लाख डॉलर देऊन घेतला तो लाँग बीचच्या कारखान्याच्या जागेचा भाडेकरार आणि आतली यंत्रं. ते विमान स्ट्रॅटोलाँच नावाच्या कंपनीने नेलं, कॅलिफोर्नियातल्या मोहावीची जागा लाँचर नावाच्या कंपनीने. ढापलेली म्हणतात ती रॉकेटं रॉकेट लॅबच्या खरेदीत नव्हतीच. कारखाना कामी आला तो त्यांच्या पुढच्या मोठ्या रॉकेटच्या, न्यूट्रॉनच्या, इंजिनासाठी. वागळे इस्टेटमध्ये बँकेच्या लिलावात लेथ उचलणाऱ्याला आपण चोर म्हणत नाही.

रांगेचा सगळ्यात बोलका दाखला मात्र मेसेजवाल्याकडून सुटलाय. जर्मनीची मायनारिक उपग्रहांना एकमेकांशी लेझरने बोलायला लावणारी उपकरणं बनवते. रॉकेट लॅबला अमेरिकी सरकारकडून १८ उपग्रहांचं साडेएकावन्न कोटी डॉलरचं काम मिळालं, त्यात मायनारिक पुरवठादार. २०२४ मध्ये मायनारिकचं उत्पादनच रखडलं. मार्च २०२५ मध्ये रॉकेट लॅबने तिलाच विकत घ्यायचा इरादा जाहीर केला. पुरवठादार अडकला, आपलं काम त्याच्याकडे, दुसरा दारात उभा नाही. अशा वेळी चेक फाडणारा माणूस हौसेने फाडत नाही.

इस्रोचं म्हणाल तर मेसेज गमतीदार पद्धतीने चुकलाय. रुपया न देता इस्रोने घेतलं, आणि भरपूर घेतलं. १९७४ मध्ये फ्रान्सशी करार झाला. आपल्या इंजिनिअरांनी तिकडे जाऊन व्हायकिंग या फ्रेंच रॉकेट इंजिनाच्या कामात राबायचं आणि त्या बदल्यात तंत्रज्ञान आणायचं. नंबी नारायणन त्या तुकडीचे प्रमुख होते. त्यातून आपलं विकास इंजिन उभं राहिलं, आणि पुढे त्याची इंजिनं गोदरेजने आपल्या ठाण्याच्या वेशीपलीकडे विक्रोळीत बनवली. पैशांऐवजी माणसांच्या श्रमाने केलेली खरेदीच ती. त्यात इस्रोला कमीपणा कसला? मी मामांना तेव्हा नीट ठेवून घेतलं असतं, तर मलाही तेच साधलं असतं.

राहिली शिफारस. अॅस्ट्रा नावाची कंपनीही २०२१ मध्येच बाजारात आली आणि त्याच वर्षी तिने अपोलो फ्युजन ही थ्रस्टर, म्हणजे उपग्रहाला ढकलणारी छोटी इंजिनं बनवणारी कंपनी घेतली. तिची रॉकेटं पडत राहिली. पंधरा शेअरांचा एक शेअर करून झाला, तरी जुलै २०२४ मध्ये संस्थापकांनी कंपनी बाजारातून काढून घेतली तेव्हा लोकांच्या हातात शेअरमागे ५० सेंट पडले. रॉकेट लॅबचंही २०२४ चं उत्पन्न ४३ कोटी ६० लाख डॉलर आणि तोटा १९ कोटी. गिळणाऱ्याला पचतंच असा नियम कुठे दिसत नाही.

एवढं सगळं ग्रुपवर टाकलं. बी विंगच्या भाऊंनी अंगठा दिला आणि खाली लिहिलं, "ते सगळं ठीक, पण मग घ्यायचा का नाही?"

भाऊ, मला नका विचारू. मी मामांशिवाय ग्राइंडर घेतलेला माणूस आहे.